जपलेली वस्तू आणि झिजलेली वस्तू

‘जपून वापर’ हे वाक्य मराठी घरात वाढलेल्या प्रत्येकाने लहानपणी ऐकलेले असते. नवी छत्री असो, कंपासपेटी असो, की थोरल्या भावाकडून खाली आलेली सायकल असो, ती हाती देताना घरातील वडीलधारी माणसे एवढेच दोन शब्द बोलतात. या दोन शब्दांत जपणे आणि वापरणे ही क्रियापदे किती सलोख्याने शेजारी बसली आहेत! परंतु तीच वस्तू संग्राहकाच्या हाती गेली की हा सलोखा संपतो. जो जपतो त्याने वापरू नये आणि जो वापरतो त्याला जपता येत नाही, असा तेथला कायदा. कपाटातील उत्तम कपबश्या पाहुण्यांसाठी राखून ठेवायच्या आणि पाहुणे आले तरी ‘फुटतील’ म्हणून बाहेर काढायच्या नाहीत, ही आपल्याकडील गृहिणीची रीत याच कायद्याचे घरगुती रूप म्हणता येईल.

हा वाद केवळ छांदिष्टांचा आहे, आपल्याला त्याचे काय, असे कोणी म्हणेल. पण थोडा विचार केला तर त्याच्या मुळाशी एक गंभीर प्रश्न दिसतो. वस्तूचे वस्तूपण कशात असते? तिच्या द्रव्यात, तिच्या कामात, की तिच्यावरून गेलेल्या हातांत? उत्तर वस्तूगणिक बदलते असे मला वाटते. म्हणून सरसकट सिद्धान्त न मांडता काही वस्तूंचीच चौकशी करावी हे बरे.

प्रथम टपाल तिकिटे घेऊ, कारण विद्यार्थ्यांपैकी अनेकांच्या संग्राहकपणाचा आरंभ तेथे होतो. तिकिटांच्या जगात दोन पंथ आहेत. एकाला कोरे तिकीट हवे, दुसऱ्याला शिक्का पडलेले. कोऱ्या तिकिटाच्या भक्तांचा आग्रह पुढे पुढे एवढा वाढला की तिकिटाचे चित्र राहिले बाजूला आणि सारे लक्ष पाठीवरच्या डिंकाकडे गेले. एके काळी संग्राहक कागदाचा छोटा चिकट तुकडा, ज्याला हिंज म्हणतात, तिकिटाच्या पाठीला लावून ते वहीत बसवीत. त्यात कोणाला काही गैर वाटत नसे. नंतर पाठीवर हिंजची खूणही नसलेल्या तिकिटाला जास्त किंमत येऊ लागली. मौज अशी की हा डिंक तिकिटाचा मित्र नव्हेच. तो वाळून तडकतो आणि सोबत कागदालाही मुरड घालतो. दमट हवेत तो सुटतो आणि तिकीट वहीच्या पानाला जन्माचे चिकटते. ज्याने कोकणातील पावसाळा आणि कोऱ्या तिकिटांची वही एका घरात पाहिली आहे, त्याला हे निराळे सांगावयास नको.

उलट, जगातील अत्यंत मोलाचे तिकीट कोणते म्हणाल तर ब्रिटिश गियानाचे १८५६ सालचे एक सेंटचे किरमिजी तिकीट. ते कोरे नाही. त्याचे कोपरे कापलेले आहेत, त्याच्यावर शिक्का आहे, आणि खोटी तिकिटे ओळखता यावीत म्हणून टपाल कचेरीतील कारकुनाने केलेली सहीची आद्याक्षरेही आहेत. १८७३ साली ते बारा वर्षांच्या एका शाळकरी मुलाला घरातील जुन्या कागदांत सापडले. २०१४ मध्ये लिलावात त्याला सुमारे ९५ लाख डॉलर मिळाले. त्याच्या पाठीवर मालकांनी आपापल्या खुणा करून ठेवल्या आहेत, आणि त्यामुळे तिकीट ‘खराब’ झाले असे कोणी मानीत नाही. आपल्याकडील १८५४ सालच्या चार आण्याच्या तिकिटाची गोष्ट अशीच. दोन रंगांच्या छपाईत राणीचे डोके उलटे छापले गेले. ती चूक वेळीच कोणाच्या ध्यानात आली नाही, तिकिटे विकली गेली, पत्रांना लागली. आणि आज जी थोडी उरली आहेत ती सारी शिक्क्याचीच. ती वापरली गेली म्हणून पत्रांबरोबर जपली गेली. वापर आणि जतन येथे एकमेकांच्या उलट उभे नाहीत.

याच्या अगदी विरुद्ध टोकाला स्वतंत्र भारताचे एक तिकीट आहे. १५ ऑगस्ट १९४८ रोजी गांधीजींच्या स्मरणार्थ दीड आणा, साडेतीन आणे, बारा आणे आणि दहा रुपये अशी चार तिकिटे निघाली. त्यांची छपाई स्वित्झर्लंडमध्ये झाली होती. गव्हर्नर जनरलच्या कचेरीसाठी यांतील दहा रुपयांच्या अवघ्या शंभर तिकिटांवर ‘सर्व्हिस’ असा शब्द छापण्यात आला. सरकारी कामासाठी म्हणून ती तयार झाली आणि कामाला जवळजवळ आलीच नाहीत. अशी चार जोडलेली तिकिटे २०१७ मध्ये पाच लाख पौंडांना विकली गेली. ज्यांनी उत्तरायुष्यात पंचा नेसला आणि आलेल्या पाकिटांच्या कोऱ्या बाजूवर लिहिण्याची काटकसर केली, त्यांच्या चित्राचे हे तिकीट न वापरल्यामुळे एवढे महाग व्हावे, यातील विनोद कडवट आहे. पण बाजाराला विनोद कळत नाही. बाजार दुर्मिळता मोजतो. आणि वापरामुळे वस्तू कमी होत जात असल्याने न वापरलेली वस्तू दुर्मिळ, एवढे साधे गणित तो मांडतो. ‘जशीच्या तशी ठेवा’ या उपदेशात पुष्कळदा वस्तूवरील प्रेमापेक्षा हे गणितच जास्त असते, हे आपण ओळखून असावे.

आता तिकिटाहून अवघड उदाहरणाकडे वळू. तिकिटाचे काम एकदाच असते. ते पत्राला लागले, पत्र पोहोचले, काम संपले. वाद्याचे तसे नाही. ते रोज नव्याने कामास येते, किंबहुना ते वाजत नाही तोवर त्याला वाद्य का म्हणावे हाच प्रश्न आहे. इटलीतील क्रेमोना गावच्या दोन कारागिरांनी केलेली दोन व्हायोलिने या प्रश्नाची जणू दोन उत्तरे होऊन बसली आहेत.

पहिले व्हायोलिन अंतोनियो स्त्रादिवारी याने १७१६ साली केले. १७३७ मध्ये तो वारला तेव्हाही ते त्याच्याच कारखान्यात होते. त्याच्या मुलाने ते १७७५ मध्ये कोझियो नावाच्या एका सरदाराला विकले. १८२७ मध्ये ते तारिसिओ नावाच्या मूळच्या सुताराकडे आले. हा तारिसिओ खेड्यापाड्यांतून जुनी वाद्ये गोळा करून पॅरिसला नेऊन विकी. प्रत्येक खेपेस तो या अजोड व्हायोलिनचे वर्णन करी. आणते मात्र कधीच नसे. शेवटी आलार नावाचा एक वादक कंटाळून म्हणाला की, तुमचे हे व्हायोलिन त्या मसीहासारखे आहे, सदा वाट पाहावी आणि त्याने कधी येऊ नये. तेव्हापासून त्याचे नाव ‘मसाया’ पडले. १८५४ मध्ये तारिसिओ मेला. आलारचा सासरा व्हियोम हा पॅरिसचा नामांकित वाद्यकार. तो तातडीने इटलीत गेला आणि त्याने वारसांकडून ते मिळविले. पुढे ते लंडनच्या हिल घराण्याकडे आले आणि त्या घराण्याने ते ऑक्सफर्डच्या ॲशमोलियन संग्रहालयाला दिले. तेथे ते काचेआड आहे आणि वाजविले जात नाही. १८९१ मध्ये योआखिम या थोर वादकाने ते वाजवून त्याच्या स्वराची वाखाणणी केली होती. पण असे भाग्य लाभलेले लोक फार थोडे.

‘मसाया’कडे पाहताना प्रथम डोळ्यांत भरते ते त्याचे नवेपण. तीनशे वर्षांचे हे लाकूड काल रोगण लावल्यासारखे दिसते. कडा तीक्ष्ण, रंग अखंड. आणि येथेच एक विलक्षण गोष्ट घडली. एवढे नवे दिसते म्हणून ते खरे की खोटे अशी शंका निघाली! व्हियोम हा जुन्या व्हायोलिनांच्या हुबेहूब नकला करण्यात निष्णात होता. मग हेदेखील त्याचेच कशावरून नसेल? १९९० नंतरच्या दशकात या वादाने जाणकारांत चांगलीच धुमाळी माजविली. अखेर झाडाच्या वर्षवलयांचा अभ्यास झाला. वरच्या फळीच्या लाकडातील सर्वांत अलीकडचे वलय १६८० च्या दशकातील निघाले, म्हणजे ते झाड स्त्रादिवारीच्या हयातीतले असू शकते. बहुतेक जाणकारांचे आता समाधान झाले आहे. पण वस्तू निष्कलंक राखण्याचा परिणाम पाहा. वापराच्या खुणा नसल्या की वस्तूचा पूर्वेतिहास सांगणारा साक्षीदारच नाहीसा होतो. शिवाय ते निष्कलंक तरी कितपत? व्हियोमने त्याची मान काळानुरूप बदलली, आतला दांडा बदलला, खुंट्या आणि तारा अडकविण्याची पट्टी नवी बसविली. ‘हात न लागलेली’ म्हणून जिची ख्याती, त्या वस्तूलाही हात लागलेला आहेच.

दुसरे व्हायोलिन ग्वार्नेरी देल जेझू या कारागिराचे, १७४३ सालचे. ते पागानिनीचे. त्याच्या दणदणीत स्वरामुळे त्याला ‘कानोने’, म्हणजे तोफ, असे नाव पडले. पागानिनी १८४० मध्ये वारला. हे व्हायोलिन त्याने आपल्या जन्मगावाला, जेनोआला, देऊन टाकले. आज ते तेथील नगरपालिकेच्या ताब्यात आहे. जेनोआकरांनी मात्र ते केवळ काचेत ठेवले नाही. ते अधूनमधून वाजविले जाते, आणि १९५४ पासून चालू असलेल्या पागानिनी स्पर्धेतील विजेत्यांना त्याच्यावर वाजविण्याचा मान मिळत आला आहे. २००१ च्या अखेरीस रेजिना कार्टर या अमेरिकन वादक स्त्रीने त्याच्यावर जॅझ संगीत वाजविले तेव्हा सनातन्यांनी नाके मुरडली. पण कार्यक्रम झाला, आणि व्हायोलिनला काही इजा झाली नाही.

वाचकांना वाटेल की लेखकाचा कौल आता ‘कानोने’कडे जाणार. पण गोष्ट इतकी सरळ नाही. पागानिनीच्या काळात हनुवटी टेकविण्याची पट्टी नुकती निघाली होती आणि तो ती वापरीत नसे. त्यामुळे त्याच्या हनुवटीने आणि मानेने त्या व्हायोलिनचे रोगण जेथे झिजविले तेथे ती झीज आजही दिसते. ती झीज हेच त्या वाद्यावरील पागानिनीचे अक्षर. आता दुसऱ्या शंभर वादकांच्या घामाने आणि हनुवटीने तिच्यावर आणखी झीज चढली तर पहिले अक्षर पुसले जाणार नाही का? म्हणजे वापराच्या खुणा जपायच्या तर पुढचा वापर आवरता घेतला पाहिजे, असा हा पेच. जेनोआकरांनी त्यातून काढलेला मार्ग मध्यम आहे: थोडे वाजवायचे, निवडक हातांनी, तज्ज्ञांच्या देखरेखीखाली. हा मार्ग भव्य नाही, पण मला तो शहाणपणाचा वाटतो. आमच्या ‘जपून वापर’ या दोन शब्दांचेच ते इटालियन भाषांतर!

जुनी व्हायोलिने वाजविली नाहीत तर ‘झोपी जातात’, असे वादक सांगतात. हे म्हणणे मोहक आहे, पण त्याच्यावर फार भार टाकू नये. कारण जुन्या वाद्यांच्या श्रेष्ठत्वाबद्दलच आता प्रयोगांनी शंका घेतली आहे. २०१० मध्ये अमेरिकेतील इंडियानापोलिस येथे एकवीस वादकांच्या डोळ्यांवर काळे चष्मे चढवून त्यांच्या हाती तीन जुनी आणि तीन नवी व्हायोलिने देण्यात आली. जुन्यांत दोन स्त्रादिवारीची होती. वादकांना जुने-नवे ओळखता आले नाही, आणि बहुतेकांना एक नवेच अधिक आवडले. म्हणजे जुने वाद्य वाजवावयाचे ते केवळ त्याचा स्वर अद्वितीय आहे म्हणून, हे कारण लंगडे पडते. मग का वाजवावयाचे? माझ्या मते, वाजविणे हीच त्याच्याशी बोलण्याची एकमेव भाषा आहे म्हणून. चित्र पाहून समजते, वाद्य पाहून समजत नाही.

आपल्या मिरजेचे कारागीर हे फार पूर्वीपासून जाणून आहेत. हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यांनी एकोणिसाव्या शतकात सतार-तंबोऱ्याचे काम हाती घेतले आणि मिरजेचे तंबोरे हिंदुस्थानभर गेले. तंबोऱ्याचा प्राण म्हणजे जवारी. घोडीचा माथा असा काही हलक्या उताराने घासलेला असतो की तार त्याला पुसट स्पर्श करीत झणकारते. आता ही तारच रोजच्या वाजण्याने घोडीवर खाच पाडते आणि जवारी बिघडते. मग कारागिराकडे जायचे, घोडी पुन्हा घासून घ्यायची. काही वर्षांनी ती घासण्याजोगी उरत नाही, तेव्हा नवी बसवायची. ज्या तंबोऱ्याची जवारी कधीच उतरली नाही तो तंबोरा कधी वाजलाच नाही. तेव्हा तंबोरा ‘मूळ स्थितीत’ ठेवा म्हणणे म्हणजे कोणत्या स्थितीत? भोपळा मूळचा, दांडी मूळची, घोडी तिसरी. आणि एवढे होऊनही तंबोरा तोच. येथे जपण्याचा अर्थच दुरुस्ती असा आहे, आणि दुरुस्ती करणारा हात नाहीसा झाला तर काचेच्या कपाटाचा काही उपयोग नाही.

देवघरातही हाच न्याय दिसतो. कुलदेवतेचे चांदीचे टाक रोजच्या पूजेने, गंधाने आणि पुसण्याने गुळगुळीत होतात. खंडोबाचा घोडा आणि म्हाळसेचा चेहरा एका उंचवट्यात मिसळून जातो. अशा वेळी टाक मोडून त्याच चांदीत नवा करून घेण्याची आपल्याकडे पद्धत आहे. जुन्या टाकांच्या अभ्यासकाला यामुळे हळहळ वाटते हे खरे, पण पूजकाला वाटत नाही. पंढरपूरचा प्रश्न याहून नाजूक. तेथे पायांवर डोके ठेवणे हेच दर्शन. आणि लक्षावधी मस्तकांच्या नि हातांच्या स्पर्शाने पाषाणही झिजतो. म्हणून तज्ज्ञांकडून मूर्तीवर वेळोवेळी लेप देण्याचे काम होते. २०२० मध्येही ते झाले. स्पर्श थांबविला तर मूर्ती आणखी शतके टिकेल, पण मग ती विठोबा राहील की शिल्प होईल? हा प्रश्न संग्रहालयशास्त्राला सुटण्यासारखा नाही. आणि म्हणूनच लेप आणि स्पर्श दोन्ही चालू आहेत.

पैठणीचे उदाहरण घरोघरचे आहे. आजीची पैठणी ट्रंकेत वर्षानुवर्षे एकाच घडीत पडून राहिली की घडीच्या रेषेवरच रेशीम विरते. दोन-चार मंगलकार्यांत नेसली गेलेली, उन्हात न घालता वारा दिलेली, घडी बदललेली पैठणी पुष्कळदा अधिक सुस्थितीत असते. शिवाय जुन्या पैठण्या गेल्या त्या सर्व नेसून गेल्या असेही नाही. कितीतरी जर जाळून चांदी काढण्यासाठी विकल्या गेल्या. ज्या काठाची बाळाची कुंची झाली वा पोथीचे बासन झाले तो काठ आज एखाद्या घरी दाखवायला तरी आहे. ज्या पैठणीची चांदी झाली तिचे काहीच उरले नाही.

येथवर वाचून असे वाटेल की वापर हा निर्दोषच आहे. तसे नाही. वापराने नाश होतो, आणि अज्ञानी वापराने फार लवकर होतो. दिवाळीत पितळी समया चिंचेने लखलखीत घासण्याच्या उत्साहात त्यांवरील कोरीव काम किती घरांतून सपाट झाले असेल! सापडलेली शिवराई राखेने घासून चकचकीत करणारे महाभाग अजून भेटतात. दोनशे वर्षे बाजारात हातोहात फिरून जी अक्षरे टिकली ती यांच्या पाच मिनिटांच्या स्वच्छतेत जातात. व्यवहारातली झीज आणि घासण्याची झीज यांत फरक आहे. पहिलीत इतिहास आहे, दुसरीत नुसता उत्साह.

आता संग्रहालयांविषयी. संग्रहालयात जे टिकून येते ते बहुधा पूर्वीच कोणी तरी न वापरता बाजूला ठेवलेले असते. राजाची तलवार येते, शिपायाची येत नाही. कारण शिपायाची झिजली, मोडली, तिचा कोयता झाला. यामुळे भूतकाळ आपल्याला आहे त्याहून अधिक श्रीमंत, अधिक नक्षीदार आणि अधिक निरुद्योगी दिसतो. केवळ जपलेल्या वस्तूंवरून एखाद्या समाजाचे चित्र काढणे म्हणजे दिवाणखाना पाहून घराची परीक्षा करणे होय. स्वयंपाकघर पाहिलेच नाही.

पुण्यातील राजा दिनकर केळकर संग्रहालयाचे मोठेपण मला या बाबतीत वाटते. दिनकर गंगाधर केळकर, काव्याच्या प्रांतातील ‘अज्ञातवासी’, यांचा चष्म्याचा व्यवसाय. १९२० च्या सुमारास त्यांनी वस्तू जमविण्यास आरंभ केला आणि अकाली गेलेल्या मुलाच्या, राजाच्या, नावाने हा संग्रह उभारला. १९६२ मध्ये त्यांनी तो महाराष्ट्र शासनाच्या हाती सोपविण्याचे ठरविले. त्यात वीस हजारांहून अधिक वस्तू आहेत. पण संख्येपेक्षा निवड पाहा. अडकित्ते, दिवे, वज्ऱ्या, दौती, कुंकवाचे करंडे, स्वयंपाकघरातील भांडी! ज्या वस्तूंना त्या काळी कोणी ‘संग्राह्य’ म्हटले नसते त्या त्यांनी गावोगाव हिंडून, बोहाऱ्याच्या आणि मोडीच्या तावडीतून सोडवून आणल्या. त्या वापरलेल्या आहेत हेच त्यांचे महत्त्व. ज्या अडकित्त्याने कधी सुपारी फोडली नाही तो अडकित्ता नव्हे, अडकित्त्याची प्रतिमा. मात्र केळकरांनी त्या अडकित्त्यांची सुपारी पुढे थांबविली हेही खरे. आणि ती थांबविली नसती तर आज आपल्याला पाहावयास काही राहिले नसते. कोणत्याही वस्तूच्या आयुष्यात वापर केव्हा थांबवायचा याची एक योग्य घटका असते. ती ओळखणे हे संग्राहकाचे खरे कौशल्य. फार लवकर थांबविला तर वस्तू मुकी राहते, उशिरा थांबविला तर ती उरतच नाही.

हे सगळे सांगितले ते मुख्यतः एका वस्तूसाठी. ती वस्तू म्हणजे सावंतवाडीची गंजिफा. गंजिफा हा पत्त्यांचा खेळ इराणकडून आला. बाबराने १५२७ मध्ये सिंधच्या शाह हसनला गंजिफा पाठविल्याचा उल्लेख त्याच्या आत्मचरित्रात आहे. मोगली गंजिफेत आठ रंग आणि शहाण्णव पत्ते असत. आपल्या लोकांनी तिची दशावतारी गंजिफा केली: मत्स्यापासून कल्कीपर्यंत दहा रंग, प्रत्येक रंगात राजा, प्रधान आणि एक्का ते दश्शी, असे एकशे वीस पत्ते. पत्ते गोल. कागदाचे वा कापडाचे थर चिंचोक्याच्या खळीने चिकटवायचे, त्यावर चित्र काढायचे, वर लाखेचे रोगण. खेळणारे तिघे. हुकूम नाही. निम्म्या रंगांत दश्शी मोठी, निम्म्यांत एक्का मोठा, त्यामुळे डोके गरगरते. कोणते पत्ते पडून गेले हे लक्षात ठेवणाऱ्याचाच निभाव लागतो. त्यांचे दोन प्रकार असत, दरबारी कलम आणि बाजार कलम. दरबारी श्रीमंतांसाठी, बाजारी तुमच्याआमच्यासाठी. कोणते अधिक खेळले गेले असतील आणि कोणते अधिक शिल्लक आहेत हे निराळे सांगण्याची गरज नाही.

छापील विलायती पत्ते आले आणि गंजिफा मागे पडली. सावंतवाडीस ही कला जवळजवळ एका वृद्ध चिताऱ्याच्या हातात उरली होती, त्या वेळी शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी ती शिकून घेतली, इतरांना शिकविली आणि राजवाड्यात कारागीर बसविले. आजही तेथे जाणाऱ्याला पत्ते रंगविले जात असताना पाहता येतात. हे उपकार विसरण्यासारखे नाहीत. एक कला मरताना वाचली.

पण काय वाचले याचा बारकाईने विचार करावा. रंगविण्याची कला वाचली. खेळ वाचला नाही. आज गंजिफेचा जोड घेणारा माणूस तो भेट देण्यासाठी घेतो, चौकटीत लावतो, दिवाणखान्यात ठेवतो. मत्स्यावताराचा राजा भिंतीवरून आपल्याकडे पाहत असतो, पण तो कोणत्या पत्त्याला मारतो हे त्या घरात कोणाला ठाऊक नसते. पत्ता जितका सुंदर तितका तो खेळावयास नको वाटतो, कारण हाताच्या घामाने रोगण जाईल आणि कड तुटेल. एका पत्त्यावर डाग पडला की तो पाठीवरून ओळखू येतो आणि डाव बिघडतो. म्हणजे वस्तू पूर्वीपेक्षा चांगली जपली गेली आणि तिचा अर्थ पूर्वीपेक्षा वेगाने विरत चालला. व्हायोलिनच्या बाबतीत असे झाले नाही, कारण ‘मसाया’ काचेत गेले तरी व्हायोलिन वाजविणारे जगभर आहेत. गंजिफेच्या बाबतीत पत्ते काचेत गेले आणि खेळणारे फार थोडे राहिले. मुके होणे याचा खरा अर्थ येथे कळतो.

यावर उपाय महाग जोडांची नासाडी करणे हा नव्हे. व्हियोमने १८३३ मध्ये पागानिनीचे व्हायोलिन दुरुस्तीला आले असता त्याची एक नक्कल केली होती. ती पुढे पागानिनीचा शिष्य सिव्होरी याने आयुष्यभर वाजविली. दरबारी जोड चौकटीत राहू द्यावा आणि खेळासाठी पुन्हा एक बाजार कलम तयार करावे. पुठ्ठ्याच्या एकशे वीस गोल चकत्या, वर छापील चित्रे, झिजल्या तर झिजल्या, पुन्हा छापाव्यात. पूर्वजांनी दोन कलमे ठेवली त्यामागे हीच व्यवस्था होती. आपण त्यांतील एकच तेवढे जतन केले आणि दुसरे विसरलो.

आपल्या महाविद्यालयापुरते बोलायचे तर जिमखान्यात कॅरम आहे, बुद्धिबळ आहे, आणि मधल्या सुट्टीत बावन्न पानांचे डाव कोठे रंगतात हे प्राध्यापकांनाही माहीत आहे. इतिहास मंडळाने आणि चित्रकला जाणणाऱ्या विद्यार्थ्यांनी मिळून असा एक जोड करावा, खेळाचे नियम सुबोध मराठीत लिहून काढावेत आणि जिमखान्याच्या टेबलावर तो ठेवून द्यावा. कुलूपबंद कपाटात नव्हे. तीन खेळाडू लागतात, प्रत्येकाला चाळीस पत्ते येतात. दिवसा खेळ असेल तर ज्याच्या हाती राम असेल त्याने सुरुवात करायची, रात्री असेल तर ज्याच्या हाती कृष्ण असेल त्याने. आपले महाविद्यालय दिवसा भरते. तेव्हा पहिली उतारी रामाची.